दरी डाव्या हाताला

३ तारीख, मंगळवार

आज पोटच्या पोराने भर बाजारात मला ओळख दाखवली नाही. मी भाजीची पिशवी घेऊन फुटपाथवर उभी होते. तो इतक्या जवळून गेला की त्याची बाही माझ्या पिशवीला घासली. हाक नाही, हूं नाही. घरी आल्यावर विचारलं तर म्हणतो, "तू कुठे होतीस?" मी म्हटलं, तुझ्या बापाच्या वरातीत होते. सव्वीस वर्षं कंपनीची बस चालवली तेव्हा एवढा माज नव्हता. नोकरी सोडली आणि नाक वर गेलं.

ही वही नातीने दिली. तिला मी टिटवी म्हणते, कारण एकदा तोंड उघडलं की मिटायचं नाव नाही. वय वर्षं एकोणीस. वही गाऱ्हाणी लिहायला दिलेली नाही, रस्ता लिहायला दिलीय. पोराने जुनी व्हॅन घेतलीय आणि लोकांना डोंगरात फिरवून आणायचं ठरलंय. चार दिवस, तीन मुक्काम. तो डोंगरातला रस्ता झाला तेव्हा त्याची खडी फोडायला मी होते. अकरा वर्षं. नवरा रोलरवर, मी ढिगाऱ्यावर. पोरगा तिथेच झाला, डांबराच्या पिंपांच्या आडोशाला. म्हणून टिटवी म्हणते, "आजी, तुझ्या डोक्यात आहे ते सगळं उतरव. कुठे वळण, कुठे पाणी, कुठे सावली. नकाशात ते नसतं."

माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यात दुसरी दोनदा. अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं. पण लिहीन.

खरं तर व्हॅनची कल्पना माझ्याच तोंडची. पाच महिने हा माणूस सोफ्यावर. मी रोज एकेक टोमणा द्यायची. घरात उशा कमी होत्या का, म्हणून तूही पडून राहतोस. बायको कारखान्यात शिलाई करते, तू निदान तिचा डबा तरी भर. शेवटी एक दिवस उठला आणि व्हॅन घेऊन दारात उभा राहिला. माझी जीभ फुकट जात नाही.

५ तारीख

आज टेबलावर मोठा कागद पसरून मी रस्ता काढला. पहिला दिवस जुन्या घाटाने वर, तळ्याकाठी मुक्काम. दुसरा दिवस गवताचं पठार. तिसरा दिवस कात्री. चौथ्या दिवशी नव्या घाटाने खाली. कात्री म्हणजे डोंगराच्या धारेवर एकापाठोपाठ एक दोन वळणं. नाव आम्ही मजुरांनी ठेवलं. तिथे आमच्या टोळीतली एक बाई पाटीसकट दरीत गेली होती. पाटी सापडली.

टिटवीने सगळं टिपून घेतलं. पोरगा कागदावर वाकला. मग विचारतो, "आई, या बाजूने चढताना दरी कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"सगळीकडे?"

"कात्री येईपर्यंत. तिथे रस्ता धार ओलांडतो आणि दोन मैल दरी उजवीकडे येते. मग परत डावीकडे."

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मान वाकडी करून बघतो हल्ली, कोंबडा दाण्याकडे बघतो तसा. मग म्हणाला, "उलटी फेरी करू. नव्या घाटाने वर, जुन्याने खाली."

टिटवी उसळली. "बाबा, उलटं गेलं तर तळं चौथ्या दिवशी सकाळी येईल, सूर्यास्त मिळणार नाही. मी जाहिरातीत सूर्यास्त लिहिलाय."

"सूर्योदय लिही."

"तळं पश्चिमेला आहे."

"मग तळं लिही."

मी म्हटलं, उलटी फेरी केलीस की दरी उजवीकडे जाईल, लोकांना खिडकीतून डोंगराची भिंत बघावी लागेल. डाव्या बाजूच्यांनी काय शेवाळ मोजायचं? तो म्हणाला, ते सुरक्षित असतं. मी विचारलं, आणि कात्रीला? तिथे तुझी दरी डावीकडेच येणार. दोन मैल.

"तिथे तू जागी राहा म्हणजे झालं," म्हणाला.

मला काय, मी झोपतेच कुठे गाडीत.

९ तारीख

पोराने आपणहून मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. चार वर्षं मी चष्मा चष्मा करत होते तेव्हा कान बधिर होते. आता म्हणतो, गाइडला चष्मा चांगला हवा. मी गाइड कधी झाले ते मलाच माहीत नाही.

तिथे अंधाऱ्या खोलीत भिंतीवर अक्षरांची पाटी. वर मोठं एकच अक्षर, खाली मुंग्या. पोरगा कानाला लागून म्हणाला, "आई, ती अक्षरं वहीत उतरवून घे. जशी आहेत तशी." मी म्हटलं कशाला? तर पाच दिवसांनी त्याचीही इथेच तपासणी आहे, व्हॅनच्या परवान्यासाठी दाखला लागतो. अभ्यास करायचाय.

ते मला पटलं. परीक्षा म्हटली की पाठांतर आलंच. मी दुसरीत दोनदा बसले ती पाठांतर केलं नाही म्हणूनच. तपासणाऱ्या मुलीची पाठ फिरली की मी एकेक ओळ उतरवत गेले. नवीन चष्मा अजून मिळायचाय, तरी खालच्या दोन ओळी सोडून सगळं आलं.

घरी आल्यावर मी वाचून दाखवलं, त्याने म्हटलं. मी वाचायचं, त्याने म्हणायचं. त्याच्या लहानपणी मला हे सुख मिळालं नव्हतं, मी ढिगाऱ्यावर असायची. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, बघतेस काय, नवरा शाळेत जातोय. ती हसली नाही. त्या बाईला विनोद कळत नाही हे माझं जुनं मत आहे.

१४ तारीख

पोरगा पास झाला.

मी बरोबर गेले होते, चष्मा आणायचा होता. मुलीने त्याला डावा डोळा झाकायला सांगितला, उजव्याने त्याने थांबत थांबत वाचलं. मग उजवा झाकायला सांगितला. डाव्याने धडाधडा म्हटलं, पाढे म्हणावे तसं, श्वास न घेता. मुलगी कांडी घेऊन एका ओळीवर होती आणि हा पुढच्या ओळीवर पोचलासुद्धा. त्यात मधली एक ओळ त्याने गाळलीच. मला लाज वाटली, कारण चूक माझी होती, ती ओळ माझ्याकडून उतरवायची राहिली होती. नवीन चष्म्यातून आज कळलं. पण मुलीला बाहेर रांग होती. तिने शिक्का मारला.

बाहेर पायऱ्यांवर त्याने माझा हात धरला. मला वाटलं मला आधार देतोय.

१६ तारीख

माझं शिक्षण सुरू झालंय. रोज सकाळी तो व्हॅन काढतो, मी पुढे डावीकडे बसते आणि रस्त्यात दिसेल ते मोठ्याने सांगायचं. म्हणे पाहुण्यांना अशी आजी आवडते, जी गाडीत बसून सगळं दाखवत जाते. मी म्हटलं, पाहुण्यांना विजेचा खांब दाखवून काय करू? तो म्हणाला, आत्ता सवय कर, डोंगरात आपोआप चांगलं दिसेल.

मग काय, मी सुरू. "डावीकडे खांब. डावीकडे सायकलवाला, मडगार्ड गेलेलं. म्हातारा, कुत्र्यासकट. बाई रस्ता ओलांडायच्या विचारात, विचार पक्का नाही. खड्डा, गेल्या वर्षीचा. हातगाडी, केळीवाला, तराजू खोटा."

पोरगा म्हणतो, "तराजू नको. फक्त काय आहे आणि किती लांब."

"तराजू नको तर मग पाहुणे हसणार कशाला?"

"आई, किती लांब तेवढं सांग."

गोष्ट सांगायला बसवायचं आणि मीठ काढून घ्यायचं. तरी सांगते. पंचवीस पावलं, दहा पावलं, हाताशी. आमच्या टोळीचा मुकादम असाच होता, त्याला फक्त आकडा हवा असायचा.

१८ तारीख

घरात भांडण. सून म्हणते, टिटवीला नेऊ नका. का तर तिची परीक्षा. मी म्हटलं परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मग म्हणते तिला गाडी लागते. पोरगी म्हणाली, "आई, मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही." मग म्हणते घरी एकटी कशी राहू. आता ही बाई आठवड्यातून चार दिवस रात्रपाळी करते, तेव्हा घर कोण राखतं?

मला संशय आहे की तिला हेवा वाटतो. पोरीने जाहिरात लिहिली, फोनवर माणसं जमवली, चारही पाहुणे तिनेच आणले. मास्तर आणि त्यांची बायको, आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या दोघी बहिणी. तिने नाही जायचं तर कोणी जायचं? मी पाय रोवून उभी राहिले. म्हटलं, पोरगी येत नसेल तर मीही येत नाही.

पोरगा पटकन म्हणाला, "नाही, तू हवीसच."

सुनेने त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. मग ती म्हणाली, "ठीक आहे, जाऊ दे तिला," आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसली. भांडी घासलेली होती.

माझा शब्द राहिला. बरं वाटलं. जेवण मात्र गोड लागलं नाही, कारण कळलं नाही.

२० तारीख

आज नव्या घाटाच्या पहिल्या चार वळणांपर्यंत जाऊन आलो. फक्त तो आणि मी. निघतानाच वाजलं, कारण त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की कात्रीपाशी ती बाई गेली ती गोष्ट पाहुण्यांना सांगायची नाही. माझ्याच मैतरणीची गोष्ट, आणि मीच सांगायची नाही. मी तोंडाला कुलूप लावलं. सांग म्हणतोस ते सांगत नाही आणि नको म्हणतोस तेही सांगत नाही, बस.

पहिली दोन वळणं तो "आई, पुढे?" "आई, काय आहे?" करत होता. मी खिडकीबाहेर. गाडी आता हळू चालवत होता, नवऱ्याच्या रोलरने आम्हाला मागे टाकलं असतं.

तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या कडेला डागडुजीची टोळी होती. डावीकडे खडीचा ढीग, ढिगावर एक बाई, शेजारी तिची पाटी. मी तिच्याचकडे बघत होते, कारण मी तशीच बसायची, एक पाय आत घेऊन. मला वाटलं हा आता वळवेल. आता वळवेल. बाई उठून पाणी प्यायला पिंपाकडे गेली आणि दुसऱ्या क्षणाला आमचा डावा आरसा पाटीवर आपटला. पाटी उडाली, खडी काचेवर आली, आरसा लटकला. चाक ढिगाच्या मधोमध, तिच्या बसायच्या जागेवर.

पोराने ब्रेक मारला आणि माझ्यावर ओरडला. "बोलली का नाहीस? तुला बोलायला बसवलंय ना?"

मी म्हटलं, "मी कशाला बोलू? तुला डोळे नाहीत?"

त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मी त्याला लहानपणी विंचू चावला होता तेव्हाच असा पांढरा बघितला होता. परत येईपर्यंत दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसला होता. एवढं काय बोलले मी? याच्याहून वाईट मी नाश्त्याला बोलते.

त्या बाईने आम्हाला जे काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. सगळं योग्य होतं.

२१ तारीख

मिस्त्रीकडे गेलो, आरसा बसवायला. त्याने व्हॅनला एक चक्कर मारली आणि मला म्हणाला, "काकू, तुमच्या पोराचं डाव्या बाजूशी काही भांडण आहे का? उजवी बाजू नव्या नवरीसारखी, डावीकडे बघा. हे फाटकाचं, हे कुणाच्या तरी ओट्याचं, हे काय, झाड?"

"झाडच," मी म्हटलं. "झाडाची चूक होती."

मिस्त्री हसला. मग हसता हसता थांबला आणि पोराकडे बघायला लागला. पोरगा दुकानाच्या दारात होता, बाहेर येताना त्याचा खांदा चौकटीला लागला. डावा. मिस्त्रीने फडक्याला हात पुसले, पुसतच राहिला. मला म्हणाला, "काकू, डोंगरात दुसरा कुणी गाडी चालवणारा नाही का मिळत?"

मी म्हटलं, सव्वीस वर्षांत एक माणूस मेला नाही त्याच्या बसखाली. तुझ्या दुकानात महिन्याला एक बोट तुटतं.

त्याने आरसा बसवायला घेतला. मी घरी येऊन बोटं मोडत बसले होते, मग ही ओळ लिहिली. मिस्त्री माणूस तोंडाळ आहे, पण उगाच बोलत नाही.

२४ तारीख

पाहुणे चहाला आले. मास्तर उंच, गोरेपान, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारे. त्यांच्या बायकोने डोंगरासाठी नवे बूट घेतलेत, ते घालूनच आली, चालताना करकरत होते. पोस्टातल्या दोघी एकमेकींची वाक्यं पुरी करतात. धाकटी म्हणाली, आम्ही चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांवर, आणि थोरली म्हणाली, डोंगरांची नावं वाचली. बघितला एकही नाही.

मला त्या आवडल्या. असं मी लिहीत नाही सहसा.

मास्तरांनी पोराकडे हात पुढे केला. पोरगा मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून हसत उभा, हात खाली. हात डावीकडून आला होता. मास्तर दोन क्षण तसेच. मग मी मध्ये चहाचा कप धरला आणि वेळ निभावली. मनात म्हटलं, पोराला मी काय शिकवलं नाही ते आता लोक बघतायत.

मास्तरांनी विचारलं, "घाटात भीती नाही ना?" पोरगा म्हणाला, "माझ्यापेक्षा रस्ता आईला पाठ आहे." सगळे हसले. सून कप उचलत होती, तिच्या हातून बशी पडली.

२६ तारीख, दुपार

लगेच लिहिते.

उद्या सकाळी सहाला निघायचं. पोरगा अंगणात व्हॅन धूत होता. मी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन गेले. तो फोनवर होता, सुनेला जेवणाची सुट्टी असते त्या वेळी तो तिला लावतो. मी जाऊन त्याच्या डाव्या हाताला उभी राहिले. हाताच्या अंतरावर. भर दुपारी, उन्हात, हातात लाल बादली. फोन संपला की देईन म्हटलं.

तो बोलत होता. "आई आहे ना. ती बोलत राहिली की मला दिसल्यासारखंच असतं." मग ऐकलं. मग म्हणाला, "नाही गं, तिला काही कळलेलं नाही. तिला वाटतं ती गाइड आहे."

मी उभीच.

"उजव्याने भागतंय अजून. डॉक्टर काय, डॉक्टर सगळ्यांनाच घाबरवतात. कंपनीने काढलं म्हणून मी आंधळा झालो का? प्रश्न कात्रीपुरता आहे. दोन मैल." मग बराच वेळ ऐकलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पोरीला मागच्या सीटवर बसवतो. मागे बसलेल्याला कमी लागतं."

फोन खिशात टाकला. डोळे चोळले. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "आई, बादली आण गं."

बादली त्याच्या कोपरापाशी होती. मी बादलीमागे होते. त्याचं तोंड माझ्याकडे वळलं आणि माझ्यावरून पुढे गेलं, जसं भिंतीवरून जातं.

मी पाय न वाजवता मागे गेले, दारापर्यंत. तिथून म्हटलं, "आणते." आणि पुन्हा चालत आले, या वेळी चपला वाजवत.

२६ तारीख, संध्याकाळ

आत बसून वही पहिल्यापासून वाचली. मी तिसरीपर्यंत शिकले म्हणून मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. मिस्त्रीला कळलं, तो दुसरीतून पळालेला. मला कळलं नाही कारण मी त्याला माजोरडा ठरवून मोकळी झाले होते. माणसाला एकदा नाव ठेवलं की परत बघायचे कष्ट वाचतात.

आणि त्याला सोफ्यावरून उठवलं कोणी? मी. तो तिथे शहाण्यासारखा बसला होता.

सून आली. तिला मी मोरीत गाठलं.

"कधीपासून?"

तिने विचारलं नाही काय कधीपासून. "आठ महिने. डावा गेलाच. उजवाही कडेकडेने जातोय. कंपनीच्या तपासणीत सापडलं, म्हणून काढलं. सोडली नाही नोकरी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज त्याला विचारायचा, बाईसारखा घरात का बसलास. तो म्हणाला, आईला कळलं तर मी घर सोडून जाईन. मी कुठे शोधू त्याला, अशा डोळ्यांनी गेलेल्याला?"

मी नळ बंद केला. मग म्हटलं, "पोरीला नको म्हणालीस. मला जा म्हणालीस."

ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुम्ही बडबड करता. दुसरं कोण करणार?"

खरं होतं. म्हणून मी तिच्यावर हात उचलला नाही. खरं तर आज पहिल्यांदा ती मला बरी वाटली.

मग पोराकडे गेले. तो कात्रीचा नकाशा भिंगातून बघत होता. मी त्याच्या डावीकडे खुर्ची घेतली आणि विचारलं, "डाव्याने काय दिसतं?"

"सगळं दिसतं."

"मी किती बोटं धरलीत?"

"तीन," म्हणाला. हसत. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मी तसं सांगितलं. तो बराच वेळ नकाशावरचं भिंग फिरवत राहिला. मग म्हणाला, "एकदाच. ही एक फेरी. लोकांनी विश्वास टाकलाय. तू बोलत राहा, मी चालवतो. तुझा आवाज असला की मला वळणं कळतात, खरंच कळतात, आई."

"आणि मला शिंक आली तर? मला झोप लागली तर? कात्रीला मला ती मैतरीण आठवली आणि मी गप्प झाले तर?"

"तू गप्प होत नाहीस."

"त्या दिवशी झाले होते. त्या बाईला तहान लागली म्हणून ती आहे."

त्याने भिंग बाजूला ठेवलं. मग टेबलावर डोकं टेकून, पोरासारखं नाही, थकलेल्या माणसासारखं म्हणाला, "मास्तरांना काय सांगू? तूच सांग, काय सांगू? म्हणू का, की मला दिसत नाही? हे शब्द तोंडातून काढले की मग मी उरतो काय?"

मी उठले. जाताना खुंटीवरची व्हॅनची किल्ली बघून ठेवली.

२७ तारीख, सकाळ

साडेपाच. उजाडतंय. मी व्हॅनमध्ये त्याच्या जागी बसलेय, स्टिअरिंगवर वही ठेवून. खुंटीवरची किल्ली घेतली, आणि सुनेकडे होती ती दुसरी मागून घेतली. तिने विचारलंही नाही, दिली. दोन्ही माझ्या पोलक्यात आहेत. घ्यायच्या तर त्याने शोधाव्यात.

तो मघाशी बाहेर आला होता. भिंतीला हात लावत, मी बघत नाहीये असं समजून. दार उघडलं आणि त्याचा हात माझ्या खांद्याला लागला. दचकला. म्हणाला, "उतर." मी म्हटलं, नाही उतरत. म्हणाला, "आई, लोक येतील." मी म्हटलं, यायलाच हवेत. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. पायरीवर जाऊन बसलाय. अजून बसलाय. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत नाही, आणि मी तिथे बघायला घाबरतेय. सुनेला सांगितलंय, त्याच्या शेजारी उजव्या बाजूला बस आणि उठू नकोस, काही झालं तरी.

टिटवी बॅग घेऊन आली आणि आमची तोंडं बघून पहिल्यांदाच गप्प झाली. तिला अजून माहीत नाही. तिला तिच्या बापाकडूनच कळू दे.

गल्लीच्या टोकाला करकर ऐकू येतेय. नवे बूट. मागे पोस्टातल्या दोघी असतील. मास्तर फाटकात उभे राहून विचारतील, निघायचं ना? आणि ते दोनदा विचारतात.

म्हणून आत्ताच लिहून ठेवते, आणि लिहून झालं की घरच्यांना खिडकीतून मोठ्याने वाचून दाखवणार आहे. सुनेने तोंड उघडायचं नाही. पोरीने गाडी बिघडली, आजी आजारी, असलं काही रचायचं नाही. मी तर बोलणारच नाही, माझं बोलून झालंय. मास्तर विचारतील ते गाडी चालवणाऱ्याला विचारतील. त्याने उभं राहायचं, ते जिकडून बोलतील तिकडे तोंड करायचं, आणि उत्तर त्यानेच द्यायचं.